सातेरीच्या पेट्या: पावसाळ्याआधी राणी बदलायची की आहे तीच ठेवायची?

रानजाई
16 एप्रिल, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बेलापूरला पारसिक डोंगराच्या पायथ्याशी नात्यातल्यांची थोडी जागा आहे, तिथे मी सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या ठेवते. जांभळाचा बहर ओसरला, करंज अजून चालू आहे, मधकक्ष चांगले भरलेत. प्रश्न एका पेटीचा आहे. तिची राणी आता तिसरा पावसाळा बघेल. पिलांच्या चौकटी उघडल्या तर पूर्वीसारखी सलग भरलेली दिसत नाहीत. बंद कोषांच्या मधे मधे रिकामी घरं, कुठे अंडं, कुठे मोठी अळी, सगळं विस्कळीत. माश्या मात्र शांत आहेत, काम जोरात आहे, मधही याच पेटीत सगळ्यात जास्त.

गेल्या जुलैत शेजारची पेटी रिकामी झाली. पाऊस उघडल्यावर झाकण काढलं तर आत मूठभरही माश्या नाहीत, पोळ्यांवर मेणकिड्याची, म्हणजे मेण खाणाऱ्या अळीची, जाळी आणि तळपाटावर भुसा. त्या पेटीचीही राणी म्हातारीच होती. म्हणून विचारते, राणी आत्ता बदलावी की ऑक्टोबरात फुलं आल्यावर? आणि पावसाळ्याची तयारी कधी, कशी करता? पुस्तकांतला बिगरहंगाम म्हणजे उत्तरेतली थंडी. आपल्याकडे थंडीत माश्यांची चंगळ असते, उपासमार होते ती जून ते सप्टेंबर. ठाणे-नवी मुंबईच्या पावसात पेट्या सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगावं.

खाडीकाठ
16 एप्रिल, रात्री 10:15

माझाही हाच प्रश्न, ऐरोलीहून. आमच्याकडे अजून तिवरांचा मकरंद मिळायचाय. आत्ता राणी काढली तर तो मध बुडेल का?

घाटपायथा
17 एप्रिल, सकाळी 6:50

रानजाई ताई, राणी आत्ताच बदला. आत्ता म्हणजे या आठवड्यात. मे उजाडल्यावर मात्र हात घालू नका. हिशोब मांडून दाखवतो.

राणीचं अंडं तीन दिवस, मग पाचेक दिवस अळी, मग बंद कोष. अंडं घातल्यापासून सोळाव्या दिवसाच्या आसपास राणी बाहेर येते. आपण साधारण एक दिवसाची अळी धरून सुरुवात करतो, म्हणजे आपल्या हिशोबात अकरा-बारा दिवस. बाहेर आलेली राणी लगेच उडत नाही, पक्व व्हायला तिला पाच-सहा दिवस लागतात. मग स्वच्छ उन्हाच्या दुपारी ती मिलनाला बाहेर पडते आणि हवेतच दहा-वीस नरांशी तिचं मिलन होतं. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी अंडी. त्या अंड्यांतून कामकरी माश्या यायला आणखी वीस दिवस. एकूण चाळीस दिवस धरा. मुंबई-ठाण्यात मोसमी पाऊस पोचायची सरासरी तारीख 11 जून. आज-उद्या सुरुवात केली तरी जेमतेम जमतं. त्यात 2025 सालचा मे आठवा, 26 तारखेलाच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला होता आणि त्याआधी अवकाळी सरी होत्याच. मिलनाच्या त्या चार-पाच दुपारी पावसात गेल्या तर राणी कुवारच राहते आणि नंतर फक्त नर होणारी अंडी घालते.

मग म्हातारी राणी ठेवून ऑक्टोबरची वाट का बघायची नाही? पावसात बाहेर पराग जवळजवळ नसतो. चांगली राणीसुद्धा अंडी कमी करते. म्हातारी राणी तर बंदच करते. पेटीत अंडी नाहीत, अळ्या नाहीत, परागही नाही, म्हणजे सातेरीला तिथे धरून ठेवणारं काही उरत नाही. इटालियन माशी उपाशी मरेल पण सहसा पेटी सोडणार नाही. सातेरी सोडते. शेवटची पिलं बाहेर पडेपर्यंत थांबते, उरलासुरला मध पोटात भरून घेते आणि पावसाची उघडीप बघून निघून जाते. तुमच्या रिकाम्या पेटीत झालं ते हेच असणार. मेणकिडा बहुतेक नंतर आला. माश्या विरळ झाल्याशिवाय तो पोळ्यावर असा पसरत नाही.

तेव्हा माझ्या मते पावसाळ्याची सगळ्यात मोठी तयारी साखर नाही, ताडपत्रीही नाही. मेअखेरीस पेटीत तरुण, अंडी घालणारी राणी आणि चौकटी झाकतील एवढ्या माश्या असणं ही खरी तयारी.

एकाच पेटीसाठी ग्राफ्टिंगच्या, म्हणजे अळी हाताने उचलून मेणाच्या वाटीत ठेवायच्या, भानगडीत पडू नका. जुनी राणी ज्या चौकटीवर असेल ती चौकट आणि शेजारची मध-परागाची चौकट, त्यांवरच्या माश्यांसकट, एका छोट्या पेटीत काढून बाजूला ठेवा. राणी मारू नका, ती विमा आहे. मूळ पेटीत अंडी आणि अगदी लहान अळ्या असलेली चौकट राहिलीच पाहिजे. काही तासांत माश्यांना राणी नसल्याचं कळतं आणि त्या दोन-तीन ठिकाणी राणीघरं बांधायला घेतात.

तिसऱ्या दिवशी पेटी उघडायला विसरू नका. घाईत माश्या कधी कधी मोठी अळी धरून राणीघर करतात. ते तिसऱ्या दिवशीच बंद झालेलं दिसेल, त्यातून येणारी राणी किरकोळ निघते. अशी घरं चिमट्याने मोडा. चौथ्या-पाचव्या दिवशी बंद होणारी, लांब आणि जाड भिंतीची दोन राहू द्या. जास्त ठेवलीत तर सातेरी पहिल्या राणीबरोबर थवा घेऊन निघून जाण्याचा धोका असतो.

अजून एक. राणी वाढवण्याआधी नर बघा. सातेरीचं नराचं बंद घर ओळखायला सोपं, टोपी फुगीर आणि तिच्या बरोबर मधोमध टाचणीने टोचल्यासारखं भोक. अशी घरं भरपूर दिसत असतील, नर दुपारी ये-जा करत असतील, तर पुढे जा.

रानजाई
17 एप्रिल, सकाळी 8:05

काका, खूप आभार. नर आहेत, भोकाच्या टोप्या दोन चौकटींच्या खालच्या कडेला रांगेने दिसतात. रविवारी करते.

निसर्गनाद
17 एप्रिल, दुपारी 1:30

घाटपायथा यांचा हिशोब पटला, निदान मात्र पूर्ण पटलं नाही. विस्कळीत पिलं म्हणजे राणी म्हातारी, असं दर वेळी नसतं. मधमाशीत लिंग ठरवणारा एक जनुक असतो. राणीचा आणि नराचा तो जनुक सारखा निघाला तर त्या अंड्यातून कामकरीऐवजी एक निकामी नर तयार होतो आणि कामकरी माश्या ती अळी लहान असतानाच खाऊन टाकतात. घर रिकामं राहतं. जवळच्या नात्यातल्या नरांशी मिलन झालं की पोळ्यावर अशी रिकामी घरं वाढतात. रानजाई, तुमच्या सगळ्या पेट्या एकाच मूळ वसाहतीच्या विभाजनातून आल्या आहेत का? तसं असेल तर त्याच राणीच्या अळीपासून नवी राणी करून दोष तसाच पुढे जाईल.

रानजाई
17 एप्रिल, दुपारी 3:10

दोन पेट्या एकाच वसाहतीच्या, तिसरी वेगळी, पनवेलकडच्या मधपाळाकडून घेतलेली. ज्या राणीबद्दल विचारलं तिची पिलं पहिल्या वर्षी अगदी सलग होती. त्यामुळे मला वयच वाटतंय.

घाटपायथा
17 एप्रिल, रात्री 9:20

निसर्गनाद, मुद्दा बरोबर आहे आणि तो मी लिहायला हवा होता. पहिल्या वर्षी पिलं सलग असतील तर दोष मिलनाचा नाही, राणीचा शुक्रसाठा संपत आलाय. एकदा मिलन झालं की तीच शिदोरी तिला जन्मभर पुरवायची असते. तरी ताई, शक्य असेल तर लहान अळ्यांची चौकट पनवेलच्या पेटीतून आणून या पेटीत द्या आणि या पेटीतल्या लहान अळ्या-अंड्यांच्या चौकटी दुसरीकडे फिरवा, म्हणजे माश्या त्याच अळ्यांवर राणी करतील. चौकट हलवताना तिच्यावरच्या माश्या त्यांच्याच पेटीत झटका, पनवेलची राणी चुकून सोबत येणार नाही याची खात्री करा.

आपल्या पट्ट्यात एक मोठं भाग्य आहे. येऊर, पारसिक, कर्नाळा इथल्या झाडांच्या ढोलीत, जुन्या भिंतींत रानटी सातेरी अजून आहेत. तुमची राणी दुपारी उडेल तेव्हा त्या वसाहतींचे नरही हवेत असतील. म्हणून ढोलीतलं मोहोळ मधासाठी फोडणाऱ्याला थांबवलं पाहिजे. ते मोहोळ गेलं की पुढच्या राण्यांना परके नर कुठून मिळणार?

मनोमय
18 एप्रिल, सकाळी 11:00

मी नवीन आहे, घोडबंदर रोडला सोसायटीच्या गच्चीवर एक पेटी आहे. एवढी खटपट करण्यापेक्षा मिलन झालेली इटालियन राणी विकत घेऊन सोडली तर?

घाटपायथा
18 एप्रिल, सकाळी 11:40

नको. इटालियन माशी ही वेगळी जात आहे. सातेरीच्या पेटीत ती राणी टिकणार नाही, माश्या तिला मारतील, आणि दोघींचा संकरही होत नाही. इटालियन भारतात 1962 साली हिमाचलातल्या नगरोटा बगवांला रुजली आणि उत्तरेतल्या मोहरी-सूर्यफुलाच्या पट्ट्यात तिने भरभरून मध दिला. कोकणच्या पावसात तिची वसाहत पोसणं मात्र फार खर्चाचं, वर माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या वरोआ कोळ्याचा त्रास. सातेरी इथलीच आहे, वरोआ अंगावरून साफ करते. तिलाच नीट सांभाळूया.

पुढच्या वेळी नवी पेटी घ्याल तेव्हा महाबळेश्वरचं मध संचालनालय किंवा पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था इथे चौकशी करा. प्रशिक्षणही मिळतं. आणि मधपाळांसाठीच्या सरकारी मधुक्रांती पोर्टलवर नोंदणी करून ठेवा.

मेणकांडी
18 एप्रिल, रात्री 10:30

मी कोलशेतला असतो आणि ग्राफ्टिंग करतो, म्हणून थोडं त्याबद्दल. ज्यांच्याकडे पाच-सात पेट्या आहेत आणि सगळ्यांच्या राण्या एकदम बदलायच्या आहेत त्यांना हेच सोयीचं. डूलिटल नावाच्या अमेरिकन मधपाळाने 1889 साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर चालते. चांगल्या राणीच्या वसाहतीतून अळी उचलायची, मेणाच्या वाटीत ठेवायची आणि राणी नसलेल्या जोरदार पेटीला वाढवायला द्यायची.

इटालियन माशीसाठी मिळणाऱ्या प्लास्टिकच्या वाट्या सातेरीला मोठ्या पडतात. मी पेन्सिलीएवढी जाड, टोक गोल घासलेली लाकडी कांडी वापरतो. कांडी आधी पाण्यात बुडवायची, मग वितळलेल्या मेणात दोन-तीनदा, परत गार पाण्यात. हलक्या हाताने फिरवली की वाटी सुटून येते. मेण सातेरीचंच हवं.

खरी कसरत अळीची. पिलाची चौकट सावलीत मांडीवर घ्या, कपाळाला टॉर्च बांधा, पोळ्याच्या घरात तिरका उजेड पाडा. बरोबर वयाची अळी जेमतेम दिसते. दुधासारख्या थेंबावर स्वल्पविरामाएवढी वाकडी, पारदर्शक, पोहत असलेली. गोल कडं झालेली अळी मोठी, ती सोडून द्या. चित्रकलेचा सगळ्यात बारीक ब्रश ओला करून अळीच्या पाठीच्या बाजूने खाली सरकवा आणि थेंबासकट उचला. ज्या बाजूवर ती पडली होती त्याच बाजूवर वाटीत उतरली पाहिजे. उलटली तर ती बुडून मरते, कारण श्वासाची छिद्रं वरच्या अंगाला असतात. उलटलेली अळी सरळ करत बसू नका, दुसरी घ्या. सगळं होईपर्यंत वाट्या चिकटवलेल्या पट्टीवर ओलं फडकं टाकून ठेवा. एप्रिलच्या कोरड्या वाऱ्यात अळी काही मिनिटांत सुकते.

सातेरी सगळ्या वाट्या स्वीकारत नाही. निम्म्या धरल्या तरी चांगलं समजा. एका पेटीला दहा-बारापेक्षा जास्त देऊ नका, राण्यांच्या अळ्यांना भरवायचं राजान्न विभागलं जातं आणि राण्या बारीक निघतात.

राणी कधी निघणार ते घर बघून कळतं. निघण्याआधी एक-दोन दिवस माश्या टोकावरचं मेण कुरतडून काढतात आणि आतला तपकिरी कोश उघडा पडतो. त्यानंतर टोकाची टोपी गोल झाकणासारखी लोंबत असेल तर राणी सुखरूप बाहेर आली. घराच्या कुशीत भोक असेल तर आधी निघालेल्या बहिणीने तिला मारलं.

खाडीकाठ
19 एप्रिल, सकाळी 9:00

मेणकांडी, हे जपून ठेवलं. माझा मधाचा प्रश्न राहिला पण.

मेणकांडी
19 एप्रिल, सकाळी 9:25

मध बुडत नाही. अळ्या नसल्या की त्यांना भरवणाऱ्या माश्या मोकळ्या होतात आणि मकरंद उलट जास्त येतो. फक्त तो शेवटचा मध काढू नका. तिवराचा मध पेटीतच राहू दे, जून-जुलैचं रेशन तेच.

रानजाई
19 एप्रिल, संध्याकाळी 7:45

केलं. पनवेलच्या पेटीतली लहान अळ्यांची चौकट आणली, जुनी राणी दोन चौकटींसह छोट्या पेटीत. एकच शंका. राणी पळून जाऊ नये म्हणून दारावर लावायची जाळी माझ्याकडे आहे, ती मूळ पेटीला लावू का?

घाटपायथा
19 एप्रिल, रात्री 8:30

मूळ पेटीला अजिबात नको. नवी राणी मिलनाला बाहेरच पडू शकणार नाही आणि नरही आत अडकतील. ती जाळी पावसाळ्यासाठी ठेवा, आणि तेव्हाही मोजके दिवसच, पेटी सोडायची लक्षणं दिसली तर. जाळी लावून कारण संपत नाही. जाळीसोबत पाक आणि दुसऱ्या पेटीतली अळ्यांची एक चौकट दिलीत तरच माश्या बसतात.

पावसाळी_ठाणेकर
20 एप्रिल, सकाळी 7:10

राणीचं बोलणं झालं असेल तर पेटीच्या तयारीबद्दल लिहिते. येऊरच्या पायथ्याशी आमच्या बंगल्याच्या आवारात बरेच पावसाळे काढलेत.

सातेरीच्या दोन सवयी समजून घेतल्या की बाकी आपोआप सुचतं. पहिली म्हणजे ती डिंकासारखा चिकट पदार्थ गोळा करून फटी बुजवत नाही, जसं इटालियन करते. म्हणजे पेटीची प्रत्येक फट मेणकिड्याला आणि मुंग्यांना खुली. मे महिन्यातच पेटी उन्हाकडे धरून फटी बघा, मेण किंवा लांबी भरा. दुसरी सवय, सातेरी दारात उभी राहून पंख हलवते तेव्हा तिचं डोकं बाहेरच्या बाजूला असतं आणि ती बाहेरची हवा आत ढकलते. जुलैत बाहेरची हवा ओली चिंब, तीच आत जाते. म्हणून पेटी दाट झाडीत ठेवू नका. उन्हाळ्यात जी सावली वरदान होती तीच पावसात बुरशी आणते. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशा जागी, दार पूर्वेला किंवा निदान नैर्ऋत्येच्या झडीपासून वळवून, पुढच्या बाजूला किंचित उतार देऊन ठेवा. पेटी हलवायची असेल तर एका वेळी फूटभर किंवा मग एकदम तीनेक किलोमीटर लांब. मधलं अंतर हलवलंत की बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी परततात.

वरून जुना फ्लेक्स टाकते, विटा ठेवून. पण फ्लेक्स झाकणाला चिकटवून गुंडाळायचा नाही. खाली दोन काठ्या आडव्या ठेवून हवा खेळू द्यायची, नाहीतर आत घाम धरतो.

चौकटी कमी करा. माश्या जेवढ्या चौकटी झाकतात तेवढ्याच आत, बाकी बाहेर. मधकक्ष रिकामा असेल तर उतरवा. सातेरीला जुनी काळी पोळी आवडत नाहीत, ती कुरतडून टाकते आणि तो भुसा तळपाटावर पडतो. मेणकिडा अंडी घालतो ती या भुशात. आठवड्यातून एकदा तळपाट काढून खरवडायचा. जुनी पोळी मेअखेर वितळवून मेण करून टाका, डब्यात ठेवलीत तरी किडा शोधून काढतो.

मुंग्यांसाठी स्टँडच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या सगळेच ठेवतात. इथे डेंग्यूचा विचार करा. साठलेल्या पाण्यात डास होतात आणि शेजाऱ्यांची तक्रार रास्त असते. पाण्यावर चमचाभर तेल टाका किंवा पायांना ग्रीस लावा.

मनोमय
20 एप्रिल, सकाळी 10:20

ताई, डासांवरून आठवलं. पावसाळ्यात सोसायटीत धूरफवारणीची गाडी येते. गेल्या वर्षी त्यानंतर पेटीसमोर माश्या मरून पडल्या होत्या.

पावसाळी_ठाणेकर
20 एप्रिल, दुपारी 12:05

त्या धुरात बहुधा पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक असतं, मधमाशीला ते फार घातक. गाडी साधारण संध्याकाळी येते, ते आपल्या पथ्यावर. माश्या परतल्यावर दाराला बारीक लोखंडी जाळी लावा आणि पेटीवर ओलं गोणपाट टाका. धूर विरला की तासाभराने दोन्ही काढा. कमिटीला सांगून ठेवा की फवारणीच्या दिवशी तुम्हाला आधी कळवावं. बहुतेक कमिट्या ऐकतात, आधी सांगितलं तर. आणि पेटीची लेखी परवानगी घेतली नसेल तर ती आधी घ्या.

शेतकरी_उरण
20 एप्रिल, रात्री 9:00

पाकाबद्दल कुणी बोललं नाही. मी आठवड्याला पेटीमागे साधारण पाव किलो साखर देतो. जूनमध्ये साखर आणि पाणी समसमान. बंद कक्षात, करवंटीत, वर काड्या टाकून म्हणजे माश्या बुडत नाहीत. अंधार पडल्यावरच द्यायचा, एक थेंबही बाहेर सांडू द्यायचा नाही, नाहीतर शेजारच्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. गूळ नको, हगवण लागते. दुकानातला मध तर मुळीच नको, त्यातून रोग येतात. दार दोन माश्या जातील एवढंच ठेवायचं.

आमच्याकडे पावसात काकडी, दोडका, भोपळा असतो, म्हणजे पराग मिळतो. ज्यांना जमेल त्यांनी जुलै-ऑगस्टला पेट्या इकडे आणाव्यात, मी जागा देतो. फवारणी आम्ही करतो, पण संध्याकाळी, माश्या परतल्यावर, आणि आदल्या दिवशी फोन करतो. माश्या आल्या की आमचं काकडीचं पीक भरतं, त्यामुळे उपकार वगैरे काही नाही.

निसर्गनाद
21 एप्रिल, सकाळी 8:15

साखरेला माझा तत्त्वतः विरोध होता आणि अजूनही थोडा आहे. माश्यांचा मध काढून त्यांना साखर देणं मला पटत नाही. मध ठेवला तर साखर लागूच नये.

घाटपायथा
21 एप्रिल, सकाळी 9:30

मध ठेवावाच, यावर आपलं एकमत आहे. पण सलग पंधरा दिवस झड लागली आणि मध संपला तर काय करायचं? तिथे पाक दिला नाही तर आठवड्यात वसाहत जाते. पेटीत ठेवली म्हणजे तिची जबाबदारी आपली. तुमच्या म्हणण्याला जोडून एक सांगतो. दुबळ्या वसाहतीला पाक पाजून जगवायचा प्रयत्न सोडावा. मेअखेर जी पेटी तीन चौकटीही झाकत नाही ती दुसरीत मिसळा. तिची राणी काढा, दोन पेट्यांच्या मधे बारीक भोकं पाडलेला वर्तमानपत्राचा कागद घाला, माश्या कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो आणि भांडण होत नाही. एक जोरदार वसाहत ऑक्टोबरात परत दोन करता येते. दोन दुबळ्या मात्र ऑगस्टपर्यंत दोन्ही जातात.

थाई सॅकब्रूडकडेही लक्ष ठेवा. 1991 नंतर दक्षिण भारतात या विषाणूने सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर गेल्या. अळी घरात ताठ, डोकं टोकदार, चिमट्याने उचलली तर पाण्याची पिशवी लोंबल्यासारखी. औषध नाही. पेटीत काही दिवस अळ्याच नसणं हा त्यातल्या त्यात उपाय, आणि राणी बदलताना तो आपोआप होतो.

जंगलवाट
22 एप्रिल, दुपारी 4:00

येऊरला आत, जंगलाच्या बाजूला पेट्या ठेवल्या तर फुलं जास्त मिळतील ना? कारवी फुलेल तेव्हा तर पर्वणीच.

पावसाळी_ठाणेकर
22 एप्रिल, संध्याकाळी 6:30

आत म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. पेट्या ठेवता येत नाहीत आणि मोहोळ काढून आणताही येत नाही. हद्दीबाहेरच्या खाजगी जागेत, मालकाच्या संमतीने ठेवा. सातेरी चाऱ्यासाठी किलोमीटरभर सहज जाते, हद्दीजवळ पेटी असली तरी तिला फुलं मिळतात. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच सामूहिक फुलते, त्याआधी पेटी टिकवायला जवळपास शेवगा, नारळ, तुळस, आइस्क्रीमची वेल लावा. शेवगा आणि नारळ वर्षभर काही ना काही देतात. पाऊस सरता सरता कुर्डू फुलतो, तो उपटू नका.

रानजाई
3 मे, रात्री 9:10

तिसऱ्या दिवशी पेटी उघडली होती. चार राणीघरं, त्यातलं एक तेव्हाच बंद, ते मोडलं. लांब दोन ठेवली. आज एका घराचं टोक गोल झाकणासारखं लोंबतंय, दुसऱ्याच्या कुशीत भोक. राणीही दिसली, पोट अजून बारीक, चौकटीवर भराभर पळत होती. चौकट लगेच ठेवून झाकण लावलं. वेडे राघू तारेवर बसलेले असतात, त्याची काळजी वाटते.

मेणकांडी
3 मे, रात्री 9:50

वा! आता आठ-दहा दिवस झाकण उघडू नका, दुपारी तर पेटीजवळही जाऊ नका. मिलनाहून परतणाऱ्या राणीला पेटीसमोरचं चित्र बदललेलं चालत नाही. ती शेजारच्या पेटीत शिरली तर मारली जाते. राघू आणि कोतवाल काही राण्या नेतात हे खरं. त्यासाठीच जुनी राणी बाजूला ठेवलीये.

रानजाई
16 मे, संध्याकाळी 7:30

अंडी दिसली! प्रत्येक घरात एकच, तळाशी बरोबर मधोमध उभं. दोन चौकटींवर मधल्या भागात सलग.

घाटपायथा
16 मे, रात्री 8:00

अभिनंदन ताई. एकेक आणि तळाशी, म्हणजे राणीचीच. राणी हरवली असती तर सातेरीच्या कामकरी माश्या लवकरच स्वतः अंडी घालू लागतात, पण त्या एका घरात दोन-तीन घालतात आणि भिंतीला चिकटवतात. आता राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका द्या. सालाच्या शेवटी 1 किंवा 6 असेल तर पांढरा, 2-7 पिवळा, 3-8 लाल, 4-9 हिरवा, 5-0 निळा, असा जगभरचा संकेत आहे. पुढे वयावरून वाद होत नाही. पहिल्या कामकरी माश्या जूनच्या सुरुवातीला येतील. जुन्या राणीची छोटी पेटी मात्र नव्या राणीच्या पिलांचे बंद कोष दिसेपर्यंत मिसळू नका.

खाडीकाठ
17 मे, सकाळी 7:20

मी उशीर केला, माझी राणी जुनीच राहिली. आता सुरुवात करू का?

घाटपायथा
17 मे, सकाळी 7:45

आता नको. तिवराचा सगळा मध आत ठेवा, चौकटी कमी करा, पावसात दर आठवड्याला अंडी आहेत की नाहीत एवढं बघा. अंडी थांबली की रानजाईंच्या पेटीतून अळ्यांची एक चौकट मागून घ्या. त्यांची छोटी पेटी अजून मिसळलेली नसेल तर तीच तुमच्याकडे आणायचं बघा, ऐरोली-बेलापूर अंतर पुरेसं आहे. उरणच्या शेतात जुलैत जागा आहेच.

रानजाई
17 मे, सकाळी 8:10

चौकट नक्की देते, केव्हाही फोन करा. शेतकरी_उरण दादा, दोन पेट्यांची जागा धरून ठेवाल का? दोडका कधी फुलतो तुमच्याकडे?

शेतकरी_उरण
17 मे, दुपारी 1:15

पेरणी पावसावर आहे ताई. वेल मांडवावर चढले की कळवतो. पेट्या रात्री आणा, दाराला जाळी लावून, चौकटी हलणार नाहीत अशा बांधून.